कमळबारवेची वेबसाइट आणि अकरा मान्यवर

मी कमळबारवेची वेबसाइट बोलतेय. जरा हळू टिचकी मारा हं, मी दचकते.

रेणापूरजवळ ही जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, भूकंपातही न हललेली. तिच्यासाठी मुग्धाताईनं लातूरच्या हॉस्टेलवर मला जन्म दिला. तिचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणजे मी! सर म्हणाले होते, "अनोळखी माणसाला दोन मिनिटांत बारवेची बस सापडली, तर पास. नाहीतर ही डिलीट कर." डिलीट! माझं तर पानच पांढरं पडलं.

ताईनं शेजारच्या कोचिंगमधली दहा मुलं चाचणीला बसवली. गंधारनं आधीच विचारलं, "ताई, निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

"अरे, परीक्षा तुझी नाही, वेबसाइटची आहे."

"हाव, पण असलं तर सांगा."

पहिली सुकन्या. बस शोधायला तिला अकरा मिनिटं लागली. बाहेर जाऊन तिनं सगळ्यांना उत्तर सांगून टाकलं. मग काय, बाकीच्या नऊ जणांनी माझं तोंडही न बघता लिहिलं: फलाट चार, साडेनऊ. वेळ, चार सेकंद! ताईनं अहवालात लिहिलं, 'वापरायला अत्यंत सोपी.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चार सेकंदांत तर ही उघडतसुद्धा नाही गं," म्हणत सरांनी मेसच्या केवळाबाईंना बसवलं. बाई धर्माबादकडच्या, बारवेचं नावही न ऐकलेल्या.

मी उघडले. आधी सनई. मग टिचकीनं पेटवायची समई. मग शाल-श्रीफळासकट अकरा मान्यवरांचे फोटो.

"हे कोण लोकं? लगीन हाय का कुणाचं?"

"मावशी, पुढं जा ना!" ताई रडकुंडीला आली.

"कुठून जाऊ बाई? समदे वाट अडवून राहिलेत."

दोन मिनिटं संपली. ताईनं सनई काढली, समई काढली, एकेक मान्यवर काढले. आठव्याला थांबली. ते सर स्वतःच होते.

"सर... तुमचापण काढू?"

सरांनी आपल्या फोटोकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काढ. आणि घड्याळ परत लाव."

"फलाट चार, साडेनऊ," केवळाबाईंनी लगेच वाचलं आणि त्या उठल्याच. "उद्या मेस बंद! मी चालले बारव बघाया."

ताई पास झाली, मी वाचले. दुसऱ्या दिवशी मला आयुष्यातले पहिले बेचाळीस अभिप्राय आले, सगळे मेसमध्ये जेवणाऱ्यांचे. सगळ्यांचा मजकूर एकच: जेवण कुठंय?

मायबाप हो, माझ्यावर फक्त बस सापडते. तीच पकडा. बाई डबा घेऊन बारवेच्या पायरीवर बसल्यात.