जाईला दाखवण्याचा कार्यक्रम

रविवारची सकाळ होती. चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, मार्केटच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात रघुवीर ठोसर पोहे परतत होते. सरकारी विमा कंपनीतले हे अमरावतीचे गृहस्थ बदलीवर इकडे आले, तरी रविवारच्या पोह्यांचा नेम त्यांनी मोडला नाही. शेंगदाणे सढळ हाताने, वर झणझणीत रश्शाची तर्री नाही तर निदान शेव. त्यांनी तीन बशा भरल्या. बायकोने, कांचनने, त्यातली एक उचलून झाकून ठेवली आणि तिच्या जागी अर्धी काकडी चिरून ठेवली.

"चार घास खाऊ दे न पोरीला," रघुवीर म्हणाले.

"आज वजन आहे तिचं. तुम्ही मधात नका पडू."

रघुवीर मधात पडले नाहीत. ते कधीच पडत नसत. ऑफिसात मेलेल्या माणसांच्या दाव्यांची बारीक चौकशी करणारा हा माणूस घरात तोंडात मिठाची गुळणी धरून बसे, आणि अशा बसण्याला आपल्याकडे शांत स्वभाव म्हणतात.

त्यांची मुलगी जाई बुटांच्या नाड्या बांधत बाहेर आली. पंधराव्या वर्षी तिचा चेहरा आजारातून उठलेल्या बाईसारखा दिसू लागला होता. घरात मराठी कानावर पडे, पण तोंडातून हिंदीच येई.

"मम्मा, चक्कर आ रहा है यार. थोडा सा पोहा दे दो ना."

"त्या पोरीला नव्हती येत का चक्कर? तरी उभी राहिली न ती? पाहिलं न तू?"

'ती पोरगी' म्हणजे कोरियातली एक गायिका. तिच्यावरचा माहितीपट मायलेकींनी उन्हाळ्यात एकाच सोफ्यावर बसून पाहिला होता. गायिका उपाशी राहून नाचते, रंगमंचामागे कोसळते, रडते, नाकाला ऑक्सिजन लावतात, मग ती उठते आणि हजारो लोकांसमोर गाते. जाई तो पाहून हुंदके देऊन रडली. जगात कुठेतरी आपल्याइतकीच दमलेली एक मुलगी आहे, एवढ्यानेच तिला धीर आला. त्या दिवशी ती पहिल्यांदा आईला म्हणाली, "मैं भी थक जाती हूँ, मम्मा." एका मुलीच्या तोंडून एवढं खरं निघालं असेल, तर असले माहितीपट सगळेच टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही.

पण कांचनने त्यात अभ्यासक्रम पाहिला. उपास, कोसळणं, रडणं, उठणं, टाळ्या. ज्यांनी तो माहितीपट काढला त्यांनी तो अगदी याच क्रमाने जोडला होता, आणि त्यासाठी पैसा घातला होता त्या गायिकेला उपाशी ठेवणाऱ्या कंपनीनेच. जखम करायची, मग ती दाखवायची आणि वर दोन्हींची तिकिटं विकायची, असा हा चोख व्यवहार. कांचनला तो कळला नाही, यात मला नवल वाटत नाही. तो कळू नये म्हणूनच वर इतकं मधुर संगीत लावलेलं असतं.

शिवाय कांचनचं स्वतःचं एक दुखणं होतं. लग्नाआधी अमरावतीत तिला कितीतरी वेळा दाखवली होती. ट्रे घेऊन ये, पाटावर बस, जरा चालून दाखव. पाहुणे पोहे चापून खायचे आणि घरी जाऊन कळवायचे, मुलगी चांगली आहे, अंगाने जरा जास्त आहे. आपल्या लेकीला कोणी असं नाकारू नये, लोकांनी तिला पाहायला रांग लावावी, या हट्टाने ही बाई पेटली होती. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही. कांचनने ती लेकीच्या उरात धरली होती आणि तिला ते कौतुक वाटत होतं.

जाईला नाच मनापासून आवडे, हे मात्र खरं. गाणं लागलं की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. म्हणूनच तिला कोरियन पद्धतीने मुली 'घडवणाऱ्या' एका अकादमीत घातलं. अकादमीवाल्याने चंदीगडबाहेर, पिंजौरच्या पुढे, कालक्याच्या रस्त्यावर एक बंगला भाड्याने घेतला होता. शनिवार-रविवारी मुलींना तिथे नेत. फोन काढून घेत, सगळ्यांसमोर वजन करत, ज्या मुलीचं वाढलं असेल तिला जेवणाच्या वेळी इतरांना वाढायला लावत. आणि हे सारं आईबापांच्या संमतीने. एकाही आईने विचारलं नाही की वाढणारी मुलगी स्वतः कधी जेवते.

तिथे परीक्षित आला. पुण्याचा, माहितीपट करणारा, तिशीतला, मवाळ बोलणारा तरुण. मुलींची ही उपासमार जगासमोर आणायची म्हणून तो आला होता, आणि त्याच्या हेतूत खोट नव्हती. अकादमीवाल्याला वाटलं, फुकटात जाहिरात होईल. त्याने दार सताड उघडलं.

त्या रविवारी परीक्षित जाईला शूटिंगसाठी न्यायला सेक्टर बावीसच्या घरी आला आणि जाईसाठीची झाकलेली बशी त्याच्यापुढे आली.

"वहिनी, पोहे अप्रतिम!" तो म्हणाला. "मला फक्त सत्य दाखवायचंय. या मुलींचं काय होतं ते लोकांना दिसलं पाहिजे."

समोरच्या भाड्याच्या खोलीत राहणारी डॉक्टर अपूर्वाही आली होती. ती शहरातल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत संशोधन करायची आणि जाई तिला मावशी म्हणायची. "अगदी बरोबर," ती म्हणाली. "आम्ही शंभर व्याख्यानं दिली तरी जे होत नाही ते अशा एका फिल्मने होतं."

जाई काकडी चावत दोघांकडे पाहत होती. एक जण उपासमारीविरुद्ध चित्रपट काढत होता, दुसरी उपासमारीवर संशोधन करत होती, आणि पोरगी उपाशी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारी पिंजौरच्या त्या बंगल्यात नाचताना जाई पडली. गिरकी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कमरेवर आपटली. बाकीच्या मुली गाण्याबरोबर नाचत राहिल्या, कारण थांबायला मनाई होती. लेकीबरोबर येऊन दाराशी उभी असलेली कांचन "जाई!" म्हणून धावली. कॅमेऱ्यामागून परीक्षितने तिच्याकडे न पाहताच तळहात वर केला.

"एकच मिनिट, वहिनी. फ्रेममध्ये येऊ नका."

आणि कांचन थांबली.

का थांबली? जन्मदात्या आईला असा हात दाखवून कोणी थांबवू शकतं? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तिला त्या क्षणी ती कोरियन पोरगी आठवली असेल. इथवर पडणं झालं, आता उठणं होईल, मग टाळ्या, असं वाटलं असेल. जाई काही उठली नाही. तिने मान वळवून आईला पाहिलं, आईही तिला पाहत होती, आणि मध्ये कॅमेरा चालू होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अपूर्वाने एक्स-रे पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. म्हाताऱ्या बायकांचं असं मोडतं, ती म्हणाली. अन्नच नाही तर हाडं तरी कशाची राहणार? पाळीही कधीची थांबली होती, ते कांचनला माहीत होतं आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. शस्त्रक्रिया झाली. चालता येईल, डॉक्टरांनी सांगितलं. नाचाचं विचारू नका.

जाईने विचारलं. पुन्हा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

काही महिन्यांनी परीक्षितचा माहितीपट, शेवटचं दृश्य सोडून, तयार झाला. इथल्या मराठी कुटुंबांनी एक हॉल घेऊन त्याचा खेळ ठेवला. आपला मराठी मुलगा, आपल्यातलीच मुलगी, विषय गंभीर. बायका पैठण्या नेसून आल्या होत्या. जाई आईबाबांबरोबर पहिल्या रांगेत बसली, कुबडी पायाशी ठेवून.

रघुवीरांनी आपल्या मुलीला पडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर ते पडणं संपता संपेना. गती मंद केली होती, गाणं बंद करून खाली पियानो लावला होता. जाईचे केस जमिनीवर पसरतात, बोटं थरथरतात, ती मान वळवून कुणाकडे तरी पाहते. कोणाकडे, ते कापलं होतं. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. दिवे लागल्यावर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. ज्या पडण्याने पोरीचा नाच कायमचा गेला, त्या पडण्याला टाळ्या पडल्या.

अपूर्वा स्टेजवरून बोलली. या माहितीपटातली दृश्यं आधीच अधिकाऱ्यांना दाखवल्यामुळे प्रशासन जागं झालं, तो बंगला बंद झाला, मुली घरी गेल्या. हे खरं होतं आणि मी ते लपवणार नाही. मग परीक्षितने माईक घेतला.

"आता मी जाईला आणि वहिनींना वर बोलावतो. वहिनी तिला आज स्वतःच्या हाताने लाडू भरवतील. आपण हे शेवटच्या दृश्यासाठी शूट करतोय, तेव्हा प्लीज, सगळे बसून राहा."

कॅमेरामन पुढे सरकला. लाडवाची ताटली तयारच होती. जाई कुबडी टेकत वर गेली, मागून कांचन. कांचनने लाडू उचलला. जाईने तोंड उघडलं नाही.

"परीक्षितदादा," ती माईक ओढून म्हणाली, "मैं गिरी थी, तब आप कहाँ थे?"

परीक्षित हळूच म्हणाला, "मी शूट करत होतो, जाई. मी कॅमेरा खाली ठेवला असता तर जगाला कळलं नसतं. तो बंगला आजही चालू असता."

"जगाला कळलं," जाई म्हणाली. ती मराठीत बोलू लागली होती, अडखळत, शब्द शोधत. "बंगला बंद झाला. अच्छी बात है. पर मला... मला कोणी उचललं? एक मिनिट बोलला तू. किती मोठा असतो तुझा एक मिनिट? आणि मी कोणाला बघत होते, ते का काढून टाकलं?"

उत्तर कांचनने दिलं. तिच्या हातात अजून लाडू होता.

"मला पाहून राहिली होती ती," कांचन म्हणाली. "मी दारातच होती. यांनी हात केला न मी थांबली. माझी पोरगी खाली पडली होती न मी थांबली. मीच उपाशी ठेवत होती तिला. पाळी बंद झाली तेही माहीत होतं मला." तिचा आवाज फाटला. "कोणी अडवलं नव्हतं मला. नुसता हात केला होता."

खाली रघुवीर उठून उभे राहिले आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत मोठ्याने बोलले. "मीही घरातच होतो. रोज पाहून राहिलो होतो."

बायको रडते आहे, नवरा उभा आहे, मुलगी कुबडीवर भार टाकून आहे. अशा वेळी माणसांनी काय करावं? परीक्षितचा डोळा कॅमेरामनकडे गेला आणि त्याने मान हलवली, चालू ठेव. आणि हॉलमधल्या पैठण्यांतून, सदऱ्यांच्या खिशांतून एकेक फोन वर आला. वर चढून त्या मुलीला खुर्ची द्यावी असं त्यातल्या एकालाही सुचलं नाही.

"बंद करो," जाई म्हणाली. "प्लीज. हे नका घेऊ. हे माझं आहे."

फोन खाली आले नाहीत. रघुवीर वर गेले, मुलीला एका हाताने आणि बायकोला दुसऱ्या हाताने धरून बाजूच्या दाराने बाहेर घेऊन आले.

आठवड्याने परीक्षितचा फोन आला. चित्रपट दाखवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला माहितीपट हवा होता, पण शेवट तोच हवा होता, स्टेजवरचा. "वहिनी, हजारो आयांचे डोळे उघडतील. तुम्ही स्वतः बोललात ते. इतकं खरं मी आयुष्यात शूट केलेलं नाही."

फोन स्पीकरवर ठेवून कांचन जाईला भात वाढत होती. तिने लेकीकडे पाहिलं. जाईने मान हलवली, नाही.

"नाही," कांचन म्हणाली. "ती पडली ते तुम्हाला दिलं. ती बोलली ते नाही देणार."

"वहिनी, तो प्रसंग तसाही सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. मी नाही वापरला तरी लोक बघतच आहेत."

तो खोटं बोलत नव्हता. ती क्लिप फिरते आहे. स्टेजवर कुबडी घेतलेली मुलगी, लाडू धरलेली आई, आईची ती कबुली. खाली हृदयं आणि रडके चेहरे यांचा खच पडला आहे, माय-लेकींनी जरूर पाहावं असं कोणी कोणी लिहिलं आहे. ज्याने कोणी ती पहिल्यांदा पाठवली, त्याने ती आईच्या रडण्यावर संपवली आहे. त्यानंतर जाई काय म्हणाली, ते त्यात नाही. ते मी वर लिहिलं आहे.

तुमच्याकडेही ती आली असेल. पाहून डोळे भरून आले असतील, कारण तुम्ही वाईट माणसं नाही. हॉलमधलीही नव्हती. पण आता ती मुलगी काय म्हणाली हे तुम्हाला कळलं आहे. डोळे नंतर पुसा, आधी ती क्लिप पुसा.