मधल्या वर्षाचं कारण

धनश्रीच्या पिशवीत नऊ कागद होते. दहावी-बारावीच्या दोन गुणपत्रिका, दोन वर्षांचे सीईटीचे दोन निकाल, शाळा सोडल्याचा, जातीचा, रहिवासाचा आणि वडिलांच्या उत्पन्नाचा असे चार दाखले, आणि एक कोरा स्टँपपेपर. बारावीनंतरचं एक वर्ष कुठं गेलं, ते त्या कोऱ्यावर शपथेनं लिहून हवं होतं. त्याशिवाय मेडिकलला अर्ज घेत नव्हते.

शिरूरच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली आनंदराव टायपिस्ट बसायचे. त्यांनी कागद यंत्रात सरकवला, नाव, वय, गाव वडगाव रासाई एवढं बडवलं आणि विचारलं, "गॅपचंच ना? घरगुती अडचण मारतो. वाघानं खाल्लं तरी आम्ही घरगुती अडचणच मारतो."

"मारा की," शेजारी टेकलेले तिचे वडील हरिबा म्हणाले.

धनश्री आनंदरावांच्या पापण्यांकडे बघत होती. दुपारच्या उन्हानं त्या जड झाल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. तिला ते कळत होतं, तरी नजर हलेना. वर्षभर हेच चाललं होतं. दौंडला मामाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून तिनं पुन्हा परीक्षा दिली. पण स्टेशनात बाकावर कुणी पेंगताना दिसलं, की त्या माणसानं डोळे उघडेपर्यंत तिचा पाय निघायचा नाही. एकदा एक म्हातारी दचकून उठली आणि म्हणाली, "काय गं, पिशवीवर डोळा हाय व्हय?"

"थांबा," धनश्री म्हणाली. "कारण मी सांगते."

"आईचं आजारपण घालू?"

"आजारपण नव्हतं. मण्यार चावला होता."

"ते समद्यांना ठावं हाय," हरिबा म्हणाले. "त्याचं हितं काय?"

त्या दिवशी हरिबा केंदूरला पाहुण्यांच्या दहाव्याला गेले होते. ते परत आले तेव्हा भावकीनं सांगितलं, धनश्रीची आई गीताबाई एकदम गेली, दवाखान्यात न्यायला सवडच मिळाली नाही. त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

धनश्री वडिलांकडे न बघता सांगू लागली. "आई सकाळी साडेपाचला म्हणाली, पोटात दुखतंय. पापण्या उघडत नव्हत्या, थुंकी गिळवत नव्हती. मी नाडी बघितली, ताप बघितला, पित्त आहे म्हणून सोडा दिला. माझा मेडिकलला नंबर लागलेला, म्हणून घरात सगळे मलाच विचारत होते. चुलत्यांनी दोनदा विचारलं, जीप काढू का. मी म्हणाले, झोपू द्या तिला. साडेआठला ती गेली. मग अंथरूण उचलताना साप निघाला. म्हणून मी प्रवेश घेतला नाही."

आनंदरावांची बोटं यंत्राच्या कळांवर तशीच राहिली. "पोरी, हे असलं कुणी लिहीत नाही. साहेब अडवतील."

हरिबा उठून यंत्रापाशी आले. मग म्हणाले, "ती म्हणती तसं लिव्हा."

आत नायब तहसीलदारांनी कागद वाचला, मान वर केली. "हे खरं आहे?"

"हो."

त्यांनी सही केली, शिक्का मारला.

बाहेर हरिबांनी मोटरसायकल काढली, पण गावाची वाट धरली नाही. सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी येऊन थांबले.

"सापाचं इंजेक्शन हितं असतंय?"

"असतं."

"आन् टोचल्यावर माणूस वाचतं?"

"वेळेत आणलं तर पुष्कळदा."

"घड्याळ हाय ना हातात?"

"हाय, आबा."

"जीप चालंल तेवढ्याच बेतानं चालवतो. घरापतुर किती येळ लागतो, बघ."

न्हावऱ्याला ते नेहमी चहाला थांबायचे. आज थांबले नाहीत. वाटेत उसाची एक ट्रॉली आडवी आली, तिच्यामागं रेंगाळावं लागलं. तेव्हाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वडगावात घराच्या उंबऱ्याशी गाडी बंद करून त्यांनी विचारलं, "किती?"

"चौपन्न मिनिटं," धनश्री म्हणाली.