श्वासमास्तरांचा खंड्या

"आई, तो पिवळा स्वेटर काढता का? पक्ष्यांना लांबून दिसतो," जावई कुजबुजला.

"दिसू दे की! आपण त्यांना बघायला आलोय, त्यांनी आपल्याला बघितलं तर काय बिघडलं?" असं म्हणून श्वासमास्तरांच्या बायकोने स्वेटरचं वरचं बटणसुद्धा लावून टाकलं.

श्वासमास्तर गालातल्या गालात हसले. तळ्याकाठी झुडपाआड ते, बायको, लेक आणि जावई असे चौघे दाटीवाटीने बसले होते. जावई डोक्यापासून पायापर्यंत मातकट हिरव्या कपड्यांत होता, जणू पक्ष्यांवर स्वारीच करायची होती. मास्तरांनी मात्र घडीची खुर्ची, दोन शाली आणि गरम पाण्याचा थर्मास आणला होता. "सहलीला चाललोय की दवाखान्यात?" असं बायकोने घरातून निघतानाच विचारलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते रुग्णालयात एक्स-रे काढत. "मोठा श्वास घ्या, रोखा, सोडा," असं भिंतीआडून सांगण्यात जन्म गेला, म्हणून तिथल्या नर्सबाईंनी हे नाव पाडलं. सवय घरीही आली. लेकीच्या वाढदिवसापासून लग्नापर्यंत, मास्तरांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत सगळ्यांचे गाल फुगलेले. नव्या जावयालाही पहिल्याच फोटोत ही शिस्त लागली.

गेल्या हिवाळ्यात त्याच भिंतीपलीकडे बायको उभी राहिली. "रोखा," मास्तर म्हणाले आणि तिला खोकल्याची उबळ आली. पुन्हा सांगितलं, पुन्हा उबळ. शेवटी कसाबसा फोटो निघाला, आणि पडद्यावर छातीत साचलेलं पाणी बघून मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली होती, "खिडकीतून नुसते कावळेच दिसतात हो. बरी झाले की मला खंड्या दाखवा."

आता ती बरी होती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण मास्तरांच्या मनातली भीती जात नव्हती. बायको जिना चढायला लागली की हे खाली उभे राहून कान देत. आजही तिला धाप लागते का, इकडेच त्यांचं निम्मं लक्ष होतं.

"आला!" लेकीने कोपर मारलं.

पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. निळाशार! चोचीतला मासा तो फांदीवर आपटत होता. बायकोने मास्तरांचा हात घट्ट धरला.

"बाबा, तुम्हीच काढा," जावयाने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "आयुष्यभर फोटोच काढलेत तुम्ही."

"अरे, ते आतले!"

तरी त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. खंड्या अगदी मधोमध आला. बोट बटणावर गेलं, आणि भिंतीआडून घुमायचा तोच खणखणीत आवाज तळ्यावर घुमला, "मोठा श्वास घ्या! रोखा!"

खंड्या माशासकट भुर्र झाला. तिघांनी मात्र निमूटपणे श्वास रोखला.

सगळ्यात आधी जावयाला हसू फुटलं. "बाबा, काय हे!" मग लेक हसता हसता जमिनीवर आडवी झाली. बायको तशीच होती. गाल टम्म फुगलेले, डोळे मिस्कील. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. आता खोकेल, मग खोकेल, असं त्यांना वाटत होतं. ती खोकली नाही. तिचा चेहरा लाल व्हायला लागला.

"अहो, सोडा म्हणा की! जीव घेता का माझा?" शेवटी तिनेच श्वास सोडला आणि खदखदून हसली.

मास्तरही हसले. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

फोटोत नुसती हलणारी फांदी आली होती. जावई हळहळला. "गेला ना खंड्या!"

"त्या बांधापलीकडे गेला. मी बघितलंय," म्हणत बायको उठली आणि चढ चढायला लागली.

"आई, थांब, बाबा हात देतील," लेक म्हणाली.

मास्तर सवयीने पुढे झाले आणि थांबले. "तू हो पुढे," ते बायकोला म्हणाले.

ती एका दमात वर पोचली आणि सगळं तळं दणाणेल अशा आवाजात ओरडली, "अहो, लवकर या! इथे जोडी आहे, जोडी!"

एवढ्या आवाजाने जोडी कसली टिकते? जावयाने कपाळाला हात लावला. मास्तर मात्र घाईघाईने बांध चढायला लागले.