जादाची किल्ली

पाहुणे यायच्या दिवशी कारखान्यात एवढी झाडलोट झाली, की डोंबिवली एमआयडीसीची ती गल्लीसुद्धा ओळखू येईना. पाहुणे साधेसुधे नव्हते, युरोपातल्या एका सरकारचे होते. भारताशेजारच्या एका गरीब देशाला सीमेवरच्या कस्टम्स नाक्यासाठी ते स्कॅनर भेट देणार होते. भरलेला ट्रक बोगद्यात घालायचा आणि एक्स-रेने त्याच्या पोटातलं सगळं पडद्यावर बघायचं, असं ते अवाढव्य यंत्र. पैसे यांचे, नाका त्यांचा, आणि घाम स्वप्नाचा नि मारुतीदादांचा.

हे काम स्वप्नाला मारुतीदादांनीच शिकवलेलं. कल्याणहून आलेली ही डिप्लोमावाली मुलगी सुरुवातीला बोगद्यात शिरायला घाबरायची. तेव्हा त्यांनी यंत्राची किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. "आत जाईल त्याच्या खिशात किल्ली. मग बाहेर खुद्द मालक बसला तरी मशीन चालू होत नाही. किल्ली एकच असते, पोरी." तेव्हापासून ती बिनघोर आत जायची. घरी नवरा काळजी करायला लागला की हेच सांगून त्याला गप्प करायची. वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दावर निर्धास्त राहण्यात किती सुख असतं!

पाहुणे शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. तेवढ्यात चाचणीच्या ट्रकमधलं एक खोकं कललेलं दिसलं, म्हणून स्वप्ना किल्ली खिशात टाकून बोगद्यात गेली. ट्रकवर चढून ती खोक्याला हात लावते न लावते तोच भोंगा वाजला. डोक्यावरचा लाल दिवा गरगरायला लागला.

तिने आधी खिसा चाचपला. वेडीच! पळायचं सोडून किल्ली शोधत बसली. किल्ली होती, आणि भोंगाही वाजतच होता. मग मात्र तिने खाली उडी टाकली आणि भिंतीवरची धोक्याची दोरी जिवाच्या आकांताने ओढली. किरण सुटायच्या आत यंत्र बंद पडलं. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं.

लंगडत ती कंट्रोल रूमच्या दाराशी आली. आत पाहुणे, मालक, काजूच्या बश्या. मारुतीदादा इंग्रजीत सांगत होते, "आमच्या मुलीची आत जाताना किल्ली न्यायची राहून गेली. पण बघा, माणूस चुकला तरी आमचं यंत्र त्याला सांभाळतं." पाहुण्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तिला पाहताच दादा मराठीत ओरडले, "कितीदा सांगितलं तुला, किल्ली खिशात ठेवायची म्हणून!"

यंत्राला एक किल्ली लावलेली होती. स्वप्नाची किल्ली तिच्या मुठीत होती. मूठ तशीच आवळून ती दारातून मागे फिरली.

पाहुणे जेवायला गेले तसे दादा तिच्यामागे आले.

"मला वाटलं तू चहाला गेलीस. गेस्ट आले, मालकांनी घाई लावली. जादाची किल्ली सगळ्याच मशीनना असते गं."

"सगळ्याच? म्हणजे एवढी वर्षं मी आत जायचे तेव्हा..."

"वापरली नव्हती ना कधी!"

"आणि माझ्यावर कशाला ढकललंत?"

"ऑर्डर गेली असती, पोरी. सगळ्यांच्याच पोटावर पाय आला असता."

ज्या माणसाला ती बापाच्या जागी मानत होती, त्याने तिला यंत्राच्या जाहिरातीसाठी वापरलं होतं, आणि वर तो तिच्याकडूनच समजूतदारपणाची अपेक्षा करत होता.

जेवणानंतर खरी चाचणी होती. खोकं अजून कललेलंच होतं. दादांनी दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "घे, दोन्ही ठेव तुझ्याकडे. आता जा बिनधास्त."

स्वप्नाने विचारलं, "तिसरी कुठाय, दादा?"

दादांचा चेहरा उतरला. "रुचिताची शपथ, तिसरी नाही."

रुचिता म्हणजे दादांची एकुलती एक मुलगी. तिची खोटी शपथ हा माणूस घेणार नाही, हे स्वप्नाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा पाय उचलेना. आणि त्याचंच तिला रडू फुटलं.