गोळी फोडणारा अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय. राणीसावरगावच्या बायनाबाईंच्या चंचीत, म्हणजे कमरेच्या पानसुपारीच्या पिशवीत माझा मुक्काम. आवाज जरा दबका वाटला तर कान पुढं करा. तोंड माझं जन्मापासून धारदार. गंगाखेडच्या लोहारानं मला घडवलं, बायनाबाईंच्या बापानं लेकीच्या रुखवतात ठेवलं, तेव्हापासून मी याच घरात नांदतोय.

काय दिवस होते ते! बायनाबाई ओसरीवर बसल्या की चंची सुटायची, बोटं दाबायची, कट्, की सुपारीचे दोन तुकडे. एक खांड त्यांच्या तोंडात, दुसरं शेजारी बसलेल्याच्या हातात. फोडलेली सुपारी एकटीनं खाणं म्हणजे या घरात पापच. शेजारची दगडाबाई तर नुसता कट् ऐकून हजर व्हायची.

मग बायनाबाईंना संधिवातानं धरलं. बोटांचे सांधे सुजून लाल, सकाळी तांब्यासुद्धा उचलेना. मी तीन वर्षं चंचीत पडून. गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. सूज झपाट्यानं उतरली, पण तोंड पुरीसारखं फुगलं आणि भूक अशी लागायची, की त्यांचे मालक किशनराव लेकीला म्हणायचे, "कोकिळे, तुज्या मायला भाकर वाढ आन् टोपलं लपव!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ही गोळी कायमची नाही, हाडं ठिसूळ करते. दुसरं औषध सुरू केलंय. ते लागू पडेल तशी ही हळूहळू कमी करायची." दोनाची एक झाली. आखाडात त्यांनी सांगितलं, "आता रोज अर्धी."

बायनाबाईंना घाई होती. कोकिळेला सेलूचं स्थळ आलेलं, येत्या चैत्रात सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं होतं. "माज्या लेकीची सुपारी माज्या अडकित्त्यानं आन् माज्याच हातानं फुटली पायजे," हा त्यांचा हट्ट. ऐकून मी फुलून गेलो. पण बोटंच वळेनात, तिथं मी एकटा काय करणार?

गोळी फोडायचं काम मात्र माझ्याकडं आलं. कोकिळा दाबायची, कट्. अर्धी गोळी मायला देऊन ती आडावर पाण्याला जायची. उरलेली अर्धी उद्यासाठी डबीत ठेवायची होती. पण समोर दगडाबाई गुडघे चोळत बसलेली! बायनाबाईंचा हात सवयीनं पुढं झाला. "घे गं, तुजे बी गुडघे दुखायलेत." असं रोज, आणि दुसऱ्या दिवशी कोकिळा बिनघोर नवी गोळी फोडायची. मी ओरडलो असतो हो, पण माझं तोंड फक्त फोडायला उघडतं.

महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत खलास. बायनाबाई खूश! "सुटली बला," म्हणाल्या, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी आडव्या पडल्या. घेरी, मळमळ, सांधे पेटलेले. किशनरावांनी त्यांना धरून एसटीत बसवलं आणि गंगाखेडला नेलं. चंची कमरेला होती, म्हणून मीही गेलो. मला वाटलं, आता चैत्र कसला दिसतोय या बाईला.

"गोळ्या कुठं गेल्या, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अवो बाई, फोडल्यावर एकटीनं कसं खावं?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, हसल्या, आणि मग असं खडसावलं की किशनरावांनी टोपी काढून हातात घेतली. "या गोळीसारखा रस आपलं अंग रोज स्वतःच तयार करतं. बाहेरून गोळी मिळाली की ते आळशी होतं. गोळी एकदम तोडली तर जिवावर बेततं. हळूहळू उतरवली की अंग परत कामाला लागतं. आणि त्या दगडाबाईंना माझ्याकडं पाठवा, त्यांच्या गुडघ्यांना ही गोळी नको. वाटायचंच असेल तर सुपारी वाटा!"

पुन्हा एका गोळीपासून सुरुवात. डबी आता किशनरावांच्या खिशात. सकाळी कोकिळा आधी गोळी द्यायची, मग सुपारी फोडायची, आणि सुपारीचं खांड दगडाबाईला. "माजी गोळी बंद केली गं सटवे!" ती फुरंगटून म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या. एकीची अर्धी झाली, अर्धीची पाव. पाव करताना दोनदा भुगा झाला, तर किशनराव माझ्यावरच डाफरले, "याला धारच न्हाई राह्यली!" मला! थंडीत सांधे जरा कुरकुरले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी महिनाभर पावावरच थांबवलं. बायनाबाई थांबल्या. हट्टी बाई, पण थांबायला शिकली.

होळीच्या आधी ती गोळी सुटली. दुसरं औषध चालूच आहे, दुखणं मुळासकट गेलेलं नाही. पण तोंड पहिल्यासारखं झालं, आणि तांब्या हातात राहू लागला.

चैत्रात सेलूचे पाहुणे आले. सुपारी फोडायला भावकीतले थोरले माणिकराव मला घेऊन बसले. दाराशी उभ्या बायनाबाईंकडं त्यांनी पाहिलं आणि मला खाली ठेवलं. "वैनी, अडकित्ता तुमचा हाय. या हिकडं."

बायनाबाई पुढं येऊन बसल्या. त्यांची बोटं अजून जरा वाकडीच. पहिल्यांदा सुपारी निसटून व्याह्यांच्या पायाशी गेली. कोकिळेनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा बायनाबाईंनी ओठ दाबले, मला दाबलं, आणि कट्! इतक्या वर्षांनी ती पकड अंगाला लागली हो. मी रडलोच असतो, पण आम्हा लोखंडाच्या जातीला ओल सोसत नाही.

एक खांड व्याह्यांना गेलं. दुसरं घेऊन बायनाबाईंचा हात सवयीनं दगडाबाईकडं वळला. दगडाबाईनं खांड डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं केलं.

"सुपारीच हाय नव्हं, अक्का?"

सगळी ओसरी हसली, पाहुणेसुद्धा. सगळ्यांत जास्त बायनाबाई हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

आता मी परत रोजच्या कामावर आहे. कधी राणीसावरगावला आलात तर ओसरीवर टेका. सुपारी मागा, पोटभर गप्पांसकट मिळेल. गोळी तेवढी मागू नका, ती ज्याची त्यालाच.