उसना फ्यूज

गाडी विकायची नाही, दोघांपैकी एका जावयाला द्यायची, असं सासऱ्यांनी जाहीर केलं आणि थोरल्या जावयाची झोप उडाली. धाकटा, म्हणजे त्याचा साडू, महागोडबोल्या. नुसत्या वाकून नमस्कारावर गाडी घेऊन गेला असता. म्हणून रविवारी थोरला नवा स्टिरिओ घेऊन हजर.

"मेकॅनिक कशाला, बाबा? दोन-तीन वायरी तर जोडायच्यात!"

पिवळी बॅटरीकडून, लाल चावीकडून, काळी पत्र्याला. एवढं पाठ होतं. आधी बॅटरी सोडवायची, हे मात्र घाईत राहिलं. पिवळ्या वायरीचं टोक पत्र्याला चाटलं, चट् झालं, वायरीवरचा फ्यूज उडाला.

दुसरा जवळ नव्हता आणि सासरे डोक्यावर उभे. ते चष्मा आणायला आत गेले तसं थोरल्याने स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, हॉर्नचा फ्यूज उपटला आणि स्टिरिओला खोचला. संध्याकाळी नवा आणून बसवू. तोवर हॉर्न कोणाला लागतोय?

सासऱ्यांना लागत होता. गाडी आल्यापासून त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक उघडलं नव्हतं. बाहेर हॉर्न दाबून धरायचे, आणि सासूबाई हातातलं टाकून धावायच्या.

गाणी लावून ऐटीत एक चक्कर झाली. फाटकाशी येऊन सासऱ्यांनी हॉर्न दाबला. चूं नाही की चां नाही. पुन्हा दाबला, मग गुद्दा घातला. खिडकीत मटार सोलत बसलेल्या सासूबाई सोलतच राहिल्या.

झक मारत सासरे उतरले, फाटक उघडलं, गाडी आत घेतली, पुन्हा उतरून फाटक लावलं. चेहरा लालबुंद.

"बिनहॉर्नची गाडी काय चाटायचीय? जावईबापू, घेऊन जा ही ब्याद!"

थोरला पुढे झाला. "बाबा, ते जरा माझ्याच हातून..."

"म्हातारी झाली हो गाडी, वाचाच बसली तिची," सासूबाई खिडकीतून कळवळल्या. मग बाहेर येऊन, सासऱ्यांनी आपटलेली चावी त्याच्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "वाकून काय उपटलंत ते पाहिलंय मी. आता गप बसा."

त्याने चावी खिशात घातली.

पुढच्या रविवारी फाटकाबाहेर हॉर्न वाजला, चांगला लांबलचक. सासूबाईंनी मटाराची आणखी एक शेंग उचलली.

"अहो, जावई आलेत. फाटक उघडा जरा."