टोमॅटोच्या मुळाशी

वॉशिंग्टन बेंतांकोरला लेकीचा अभिमान नव्हता असं नाही, पण तो कुठे मिरवावा हे त्याला कळत नसे. सगळी हयात माँतेविदेओ शहराच्या सेर्रो वस्तीत, मांसाच्या कारखान्यात गाई कापण्यात गेली. लेक, मिर्ता, शिकून संशोधक झाली आणि तिने हात घातला कशात, तर दर उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यातल्या बोटभर माशात!

"इतकी शिकलीस, आणि शेवटी डबकंच?" तो म्हणायचा.

"डबकं नाही बाबा, अंडी. डबकं आटलं की मासे मरतात, पण अंडी चिखलात टिकतात. आतल्या पिल्लाचं हृदय चक्क थांबतं. महिनोन्महिने. मग पुन्हा सुरू होतं, आणि पिल्लू ठणठणीत! हे कसं जमतं ते कळलं ना, तर जन्मताना ज्या बाळांचा श्वास कोंडतो..."

तोवर त्याने रेडिओवरच्या फुटबॉलचा आवाज वाढवलेला असे.

मिर्ताला मात्र आपल्या माशाचा उघड, ठसठशीत अभिमान होता. जग प्रयोगांसाठी उंदीर कापतंय, फळमाश्या मोजतंय; हा मासा आमच्या मातीतला, आणि याची अंडी मागायला जर्मनी-जपानहून पत्रं येतात, असं ती कुणालाही ऐकवायची. पण तिची सगळी मदार ज्या जातीवर होती ती रोचा जिल्ह्यातल्या एकाच डबक्यात सापडायची, आणि ते डबकं गेल्याच वर्षी नांगराखाली गेलं. उरली होती ती प्रयोगशाळेतली अंडी, शेवाळाच्या ओलसर भुशात जपलेली. ती गेली की तिचं सगळं काम गेलं.

जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, सगळे सुटीवर असताना, प्रयोगशाळेचं थंड कपाट बंद पडलं. मिर्ताने भुशाची पिशवी उचलली आणि तडक वडिलांचं घर गाठलं. तिथल्या कोठीची फरशी भर उन्हाळ्यातही गार असते. वडील तेव्हा घरी नव्हते. कोपऱ्यात पिशवी ठेवून ती निघून गेली.

आता, त्या देशात कुठल्याही घराच्या कोपऱ्यात तपकिरी, ओलसर भुशाची पिशवी दिसली तर ती कशाची असणार? दिवसभर माते, म्हणजे येर्बाच्या पानांचा कडू चहा, प्यायचं, आणि भोपळ्याच्या तुंब्यात उरलेला पानांचा चोथा झाडांसाठी साठवायचा, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मिर्तालाही ठाऊक होतं. पण आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वॉशिंग्टन परसात उभा होता. काखेत मातेच्या पाण्याचा थर्मास, हातात पाण्याची नळी.

"बाबा, कोठीतली पिशवी कुठाय?"

"चोथ्याची? टोमॅटोला घातली की, आत्ताच. मुळाशी चांगली कालवून घातली. काय झकास मुरला होता गं!"

"पाणी घातलंस?"

"हे काय, आता घालतोय..."

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तिने धावत जाऊन नळ बंद केला आणि मुळाशी बसून रडत रडत माती चाचपू लागली. चोथा नव्हता तो, अंडी होती, एवढंच तिला कसंबसं सांगता आलं. अंडी आत्ताच पाण्यात बुडाली तर आतली अर्धवट वाढलेली पिल्लं कुजणार. वाचवायची तर मुळांसकट सगळी माती उपसायला हवी. हे मात्र तिच्या तोंडून निघेना. टोमॅटो रंगावर आले होते, आणि अर्ध्या गल्लीचा रविवारचा सॉस त्यांच्यावर शिजायचा.

"त्या डबक्यात पुन्हा मिळतील?" वॉशिंग्टनने विचारलं.

"डबकं राहिलंय कुठे? आता तिथे भात आहे."

"म्हणजे जगात कुठेच नाहीत?"

"तुझ्या टोमॅटोखाली आहेत."

वॉशिंग्टनने थर्मास खाली ठेवला, गुडघे टेकले आणि पहिलं झाड मुळासकट उपटलं. मुळं झाडून माती जवळच्या घमेल्यात घेतली. मग दुसरं. मिर्ता "बाबा, थांब" म्हणाली तर खेकसला, "रडत काय बसलीस? आणखी घमेली आण!"

तेव्हापासून ती घमेली कोठीत, ओल्या पोत्याखाली. रोज हात घालून वॉशिंग्टन ओल बघायचा आणि मिर्ताला फोनवर अहवाल द्यायचा. फुटबॉल चालू असला तरी.

एप्रिलच्या अखेरीस, उन्हाळा सरल्यावर, मिर्ता सूक्ष्मदर्शक घेऊन आली. अंड्यातली हृदयं धडधडत होती. तिने घमेल्यांत गार पाणी ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळत होती.

नेमक्या त्याच वेळी शेजारची दोन्या एल्बा, म्हणजे एल्बाबाई, फणकारत आली. "वॉशिंग्टन, सबंध उन्हाळा डब्यातला सॉस खाल्ला मी! टोमॅटो उपटून पोसलंस काय, तर डासांची पिल्लं?"

मिर्ता उत्तर द्यायला स्वयंपाकघरातून निघाली, आणि वडिलांचा आवाज ऐकून दारातच थबकली.

"डास नाहीत, एल्बा. मासे आहेत. चिखलात असताना यांचं हृदय थांबतं, मेंदूला हवा मिळत नाही, तरी काही बिघडत नाही. का बिघडत नाही, ते माझी लेक शोधतेय. जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळांसाठी. जर्मनीवाले विचारतात तिला, जपानवाले विचारतात. डॉक्टर बेंतांकोर म्हणतात."

एकही शब्द चुकला नव्हता. म्हणजे रेडिओच्या त्या गोंगाटात बाबा सगळं ऐकत होता! मिर्ताचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि डोळेही.

दोन्या एल्बाचा नातू नाउएल असाच श्वास कोंडून काळानिळा जन्मला होता. आठ वर्षांचा झाला तरी पाय ओढत चालतो. ती हळूच घमेल्यापाशी बसली आणि पाण्यावर वाकली.

"यातल्या कुणाचं थांबलं होतं रे हृदय?" तिने विचारलं.

"सगळ्यांचं," वॉशिंग्टन म्हणाला.